पूल बंद करावा की नाही

गुरुवारी तिसऱ्या तासाला राष्ट्राध्यक्षांचा आदेश वर्गात आला तो भिंतीवरच्या भोंग्यातून. एरवी त्या भोंग्यातून मुख्याध्यापकांचं खाकरणं आणि मागोमाग एखादी सूचना, एवढंच ऐकू यायचं. त्या दिवशी खाकरणं झालं, पण सूचना काही येईना. मग रेडिओची खरखर आली आणि एक अनोळखी, इस्त्री केल्यासारखा आवाज म्हणाला, की नदीपलीकडच्या वसाहतीत तापाची साथ वाढत असल्यामुळे राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार शहराचा पूल या क्षणापासून दोन्ही बाजूंनी बंद करण्यात येत आहे. पुढील आदेशापर्यंत.

नागरिकशास्त्राच्या बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. हातातला खडू तसाच राहिला. मागे चाळीस मुलं होती आणि चाळीसही गप्प होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी दहावीचा वर्ग इतका गप्प कधी ऐकला नव्हता. त्या वळल्या, तेव्हा एकही मूल खिडकीकडे बघत नव्हतं. खिडकीतून पूल दिसायचा, पुलावर थबकलेले ट्रक दिसत होते, पण सगळ्यांच्या माना मागच्या भिंतीकडे वळलेल्या. तिथे मंगळवारचा तक्ता लावलेला होता. बाईंच्या स्वतःच्या ठसठशीत अक्षरात वर लिहिलं होतं, 'पूल बंद करावा की नाही?' आणि खाली तांबड्या शाईत, 'निर्णय: बंद. कारण: ताप.'

मग माना हळूहळू बाईंकडे वळल्या.

"बाई," पहिल्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "तुम्हाला आधीच माहीत होतं?"

बाईंची नजर खिडकीतून पुलाकडे गेली. त्यांची आई काल संध्याकाळच्या बसने पलीकडे गेली होती.

मुलं त्यांना पाठीमागे 'का-बाई' म्हणत. उत्तर बरोबर असो नाहीतर चूक, बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला: का? दर वर्षी या दिवसांत त्या एक खेळ घ्यायच्या. एक मूल बाईंच्या खुर्चीत बसायचं, ते राष्ट्राध्यक्ष. प्रश्न त्यानेच आणायचा, निर्णय त्यानेच घ्यायचा आणि कागदावर खरोखरची सही करायची. बाकीच्यांना चिठ्ठ्या मिळायच्या: कोणी नर्स, कोणी बेकरीवाला, कोणी ट्रकचालक, कोणी अंथरुणाला खिळलेली आजी. सही झाली की एकेकाने उठून सांगायचं, आठ दिवसांनी माझ्या घरी काय चाललंय. पुस्तकात राष्ट्राध्यक्षांचे अधिकार साडेतीन पानांत होते, आणि मुलं ते पाठ करून परीक्षेनंतर विसरून जायची. हा खेळ मात्र जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले तरी आठवायचे.

यंदा पहिली पाळी मुंगीची होती. चणीने एवढीशी आणि सारखी कशात तरी गुंतलेली, म्हणून मुंगी. वडील रंगारी. ती खुर्चीत बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकेनात आणि वर्ग खुसखुसला. पण प्रश्न तिने असा आणला होता की खुसखुस आपोआप थांबली. पलीकडे ताप आहे. पूल बंद करावा की नाही?

"बंद," मुंगी म्हणाली.

"का?"

"ताप इकडे आला तर सगळेच आजारी पडतील. शुश्रूषा कोण करणार?"

तिने सही केली. मग एकेकजण उठायला लागलं. बेकरीवाला म्हणाला, पिठाची गिरणी पलीकडे आहे, चौथ्या दिवशी माझी भट्टी थंड. आजी म्हणाली, माझं हॉस्पिटल पलीकडे आहे, मी आता कुठे जाऊ? नर्सची चिठ्ठी एका दांडगट मुलाला आली होती. तो म्हणाला, "बाई, मी घरी नाहीच. ड्यूटीवर होते, तिकडेच अडकले. घरी माझी पोरगी रोज दूध उतू घालवतेय." वर्ग खो खो हसला. मुंगी हसली नाही. सगळ्यांचं सांगून झाल्यावर बाईंनी तिला विचारलं, "आता सही मागे घेशील?"

मुंगीने बराच वेळ विचार केला. "नाही घेणार. पण मला झोपही येणार नाही."

बाईंना हे उत्तर इतकं आवडलं होतं की तास संपल्यावर त्यांनी तिला मुद्दाम थांबवून घेतलं. हा प्रश्न सुचला कसा, असं विचारलं. मुंगीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाबा पंधरा दिवस डेपोत अडथळे रंगवतायत, बाई. पांढरा पट्टा, तांबडा पट्टा. पुलाच्या रुंदीचे आहेत. कुठे बोलू नकोस म्हणाले."

"मग बोलू नकोस," बाई हसून म्हणाल्या होत्या, आणि विषय तिथेच सोडून दिला होता. सरकारी डेपोत काही ना काही रंगवणं चालूच असतं.

आता गुरुवारी, भोंगा बंद झाल्यावर, बाईंनी मुंगीकडे पाहिलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"मला काहीही माहीत नव्हतं," बाई वर्गाला म्हणाल्या. हे खरं होतं. पण बोलताना आपला आवाज खोटं बोलणाऱ्या माणसासारखा येतोय, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

दुपारपर्यंत त्या तक्त्याचा फोटो शहरभर फिरत होता. वर्गातल्याच कोणीतरी मंगळवारी कौतुकाने काढलेला. आता त्याखाली लिहिलेलं होतं, 'आमच्या बाईंना दोन दिवस आधी कळलं होतं.' शिक्षकांच्या खोलीत बाई शिरल्या की बोलणं तुटायचं. गणिताच्या बाईंनी तेवढं जवळ येऊन हळूच विचारलं, "तुमचा भाऊ जिल्हा कार्यालयातच आहे ना अजून?"

हो, तिथेच होता. बाईंचा धाकटा भाऊ जिल्हाप्रमुखांच्या कार्यालयात टंकलेखक होता. लहानपणी घरच्यांनी हौसेने त्याचं नाव बंड्या पाडलं, आणि त्या नावाला जागावं असं त्याने आयुष्यात काही केलं नाही. शाळेत कधी उशीर नाही, घरी कधी आवाज वर नाही. लग्न मोडलं तेव्हाही न बोलता आपली ट्रंक घेऊन बहिणीकडे राहायला आला. आई, बंड्या आणि बाई, असं तिघांचं घर होतं. मोठी बहीण पलीकडे राहायची. मंगळवारी ती न्हाणीघरात घसरली, हात मोडला. नवरा बोटीवर, घरात दुसरं कोणी नाही. ताप होता तो कारखान्याच्या वसाहतीत, मोठीचं घर अगदी दुसऱ्या टोकाला. बुधवारी बाईंनी आईची बॅग भरली आणि बंड्याने तिला पाचच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली.

संध्याकाळी एकदाचा फोन लागला. आई म्हणाली, "मी बरी आहे गं. मोठीला एका हाताने केस विंचरता येत नाहीत म्हणून रडत होती, आता गप्प आहे. बंड्या जेवला का?"

बंड्या घरी आलाच नव्हता. त्याचा दोन शब्दांचा निरोप आला होता, 'काम आहे.' रात्रही तशीच गेली.

शुक्रवारी पहिल्या तासाआधीच बाईंना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. मुख्याध्यापक म्हणजे शाळेचे 'परिपत्रक सर'. खडूचा डबा आणायचा असला तरी त्यांना वरून लेखी आदेश लागायचा. आज ते स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखे बाजूच्या स्टुलावर बसले होते. त्यांच्या खुर्चीत राखाडी स्वेटर घातलेला एक माणूस होता, पन्नाशीचा, शांत, एखाद्या बँकेतल्या कारकुनासारखा. समोर फोटो. त्याने उठून बाईंना नमस्कार केला, बसायला सांगितलं.

"सुरक्षा विभागाकडून आलोय, बाई. घाबरू नका. हे अक्षर तुमचं?"

"हो."

"मंगळवारचं?"

"हो."

"आदेश गुरुवारी जाहीर झाला. तुमच्या तक्त्यावर मंगळवारी. विषय तोच, निर्णय तोच, कारणसुद्धा तेच." त्याने फोटोवर बोट ठेवलं. "मी तीस वर्षं या कामात आहे. योगायोगावर माझा विश्वास नाही असं नव्हे. पण इतका नीटनेटका योगायोग मी पाहिलेला नाही."

"ताप महिनाभर वर्तमानपत्रात आहे," बाई म्हणाल्या. "आणि पूल आमच्या खिडकीसमोर आहे. मुलांना मी वाळवंटाबद्दल विचारू का?"

"बरोबर," तो मनापासून पटल्यासारखा म्हणाला. "मग प्रश्न कोणी काढला? ऐकतो की तुमच्या खेळात प्रश्न मुलं आणतात."

मुंगीचं नाव घेतलं की पुढचा माणूस रंगारी. पंधरा दिवस डेपोत काम, गुप्ततेची ताकीद, आणि घरी पोरीसमोर सैल सुटलेली जीभ. या माणसाला तेवढंच हवं होतं. नाव सांगितलं की त्या स्वतः पाच मिनिटांत वर्गात परत जाणार होत्या.

"यंदाचा प्रश्न मी दिला," बाई म्हणाल्या.

"असं?" राखाडी स्वेटरवाल्याने डोळे बारीक केले. "मग मुलांना एकदा विचारून घेऊ. दोन मिनिटांचं काम. वर्गात जाऊन एकच प्रश्न विचारतो, हा प्रश्न कोणी आणला होता."

तो उठला. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. चाळीस मुलं. त्यातली निदान पाच तरी पटकन बोट दाखवतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नसेल. खरं बोलायचं, हे बाईंनीच शिकवलेलं.

स्टुलावरून खाकरण्याचा आवाज आला. नेहमीचाच, सूचनेआधीचा.

"नाही जाता येणार," परिपत्रक सर म्हणाले.

"काय म्हणालात?"

"विद्यार्थ्यांकडे कोणत्याही बाहेरच्या खात्याने चौकशी करायची, तर प्रत्येक पालकाची लेखी संमती लागते. तसं परिपत्रक आहे." सरांच्या कपाळावर घाम तरारला होता, आणि ते समोरच्या माणसाकडे न बघता टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत बोलत होते. "चाळीस पालक. त्यातले अठरा पुलापलीकडे कामाला आहेत, म्हणजे तिकडेच आहेत. त्यांच्या सह्या पूल उघडल्यावर घेता येतील. मी अर्जाचा नमुना देतो."

बाहेर प्रार्थना संपून मुलं वर्गांकडे पळाल्याचा धडधडाट आला आणि विरला. राखाडी स्वेटरवाला सरांकडे बघत राहिला आणि मग सावकाश परत खुर्चीत बसला.

"ठीक आहे. मग बाईंशीच बोलू." त्याचा आवाज तसाच मऊ होता, पण त्यातली ऊब गेली होती. "प्रश्न तुम्ही दिलात. तुमच्या घरात एक माणूस आहे ज्याच्या हातून जिल्ह्याचा प्रत्येक गुप्त कागद जातो. काल दुपारपासून तो आमच्याकडे आहे. तो म्हणतो, मी कोणाला काही सांगितलं नाही. सगळेच असं म्हणतात. तुम्ही खरं सांगा, त्याचं ओझं कमी होईल. त्याने सहज सांगितलं असेल, जेवताना. भाऊ-बहीण आहात, समजू शकतो."

काल दुपारपासून. 'काम आहे' हा निरोप मग कोणी टाइप केला होता कोण जाणे. बाईंना एकदम बंड्याची मान दिसली, किंचित पुढे झुकलेली, हातात टोपी असल्यासारखे दोन्ही हात पोटाशी धरलेले. त्या माणसासमोरही तो तसाच बसला असणार. त्याला घेऊन यायचं, बस्स, एवढं एकच त्यांच्या डोक्यात राहिलं, आणि त्या सरसावून बसल्या.

"माझी आई बहात्तर वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "बुधवारी संध्याकाळी पाचच्या बसने ती पलीकडे गेली. बसवाल्याला विचारा, माझ्या मोठ्या बहिणीच्या शेजाऱ्यांना विचारा. अजून तिकडेच आहे, ताप आहे त्या बाजूला, आणि हॉस्पिटलच्या दारात रांगा लागल्यात. तिची बॅग मी भरली. मला जर मंगळवारी ठाऊक असतं की गुरुवारी पूल बंद होणार आहे, तर मी माझ्या म्हाताऱ्या आईला बुधवारी तिकडे पाठवलं असतं?"

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. "बसमध्ये बसवायला कोण गेलं होतं?"

"भाऊ. त्यानेच खिडकीची जागा धरून..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. राखाडी स्वेटरवाला वाट बघत होता. त्याला ते आधीच दिसलं होतं आणि बाईंना आत्ता दिसत होतं.

"आदेशाची प्रत राजधानीतून जिल्हा कार्यालयात सोमवारी आली," तो म्हणाला. "अंमलबजावणीचे कागद तुमच्या भावाने सोमवारी दुपारी स्वतः टाइप केले. तारीख, वेळ, सगळं. त्याला ठाऊक होतं, बाई. यात वाद नाही."

बाईंना खोलीतला पंखा ऐकू येत होता. सोमवारी दुपारी. मग सोमवारी संध्याकाळी तो घरी आला होता, पाय धुतले होते, आईजवळ बसून मटार सोलले होते. मंगळवारी मोठीचा फोन आला तेव्हा तो तिथेच उभा होता. बुधवारी आईला हात देऊन त्याने बसमध्ये चढवलं होतं आणि बस वळेपर्यंत हात हलवत थांबला होता.

त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. एकोणीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून जो आवाज कमावला होता, तोच आला.

"मग लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "त्याला ठाऊक होतं आणि त्याने स्वतःच्या आईलासुद्धा सांगितलं नाही. जो माणूस आईला सांगत नाही, तो बहिणीला सांगेल? याहून मोठा पुरावा तुम्हाला मी कुठून आणून देऊ?"

पेन वहीवर थांबलं होतं. परिपत्रक सर शाईच्या डागाकडेच बघत होते. बऱ्याच वेळाने त्या माणसाने लिहायला सुरुवात केली. संपूर्ण वाक्य लिहिलं, बाईंना वाचून दाखवलं आणि खाली सही करायला सांगितलं. बाईंनी केली.

तो निघून गेला.

"सर," बाईंनी विचारलं, "ते परिपत्रक कोणत्या सालचं?"

सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "आज दुपारी काढतो," ते म्हणाले.

बंड्या संध्याकाळी सहाला घरी आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. हात लावला नव्हता कोणी त्याला. नुसतं बसवून ठेवलं होतं आणि तेच ते विचारत होते. बाईंनी चहा टाकला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

"सोमवारी टाइप केलंस."

"हो."

"बुधवारी आईला बसमध्ये बसवलंस."

तो कपाकडे बघत राहिला. "हो, ताई."

"एक शब्द बोलायचा होतास रे. काही सांगायचं नव्हतं, नुसतं म्हणायचं होतं, आज नको, परवा जा. मला बरं नाही म्हणायचं. पाय मुरगळला म्हणायचं."

"म्हणणार होतो." त्याचा आवाज इतका खाली होता की बाईंना पुढे वाकावं लागलं. "दोनदा तोंड उघडलं. मग वाटलं, तू विचारशील, का? तू नेहमी विचारतेस. मग मला एकतर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं. मला दोन्ही येत नाही. सोमवारी आमच्याकडून शपथ लिहून घेतली होती, सातजणांकडून. आणि मोठी तिकडे एकटी होती, हात मोडून. आई गेली नसती तर तिच्याकडे कोणी गेलंच नसतं." तो थांबला. "मी रात्रभर स्वतःला हेच सांगत बसलो होतो. खरं सांगायचं तर त्या वेळी यातलं काही मनात नव्हतं. मी घाबरलो होतो, एवढंच."

बाईंच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. ज्या मौनामुळे तो सुटला होता त्याच मौनावर आपण चिडलोय, हेही त्यांना कळत होतं. आईला त्याने अडवलं असतं, तर आज त्या खोलीत बाईंकडे बोलायला काहीच नसतं. हे कळूनही राग जात नव्हता. त्या उठल्या आणि त्याचा गार झालेला चहा परत गरम करायला घेतला. त्या दिवशी दोघांत तेवढंच झालं.

सोमवारी शाळेत खरंच दोन परिपत्रकं लागली. एक सरांचं, मागच्या महिन्याची तारीख टाकलेलं. दुसरं वरून आलेलं: नागरिकशास्त्राचे तास पुढील सूचनेपर्यंत चित्रकलेला द्यावेत. तक्ता शिपाई काढून घेऊन गेला. बाईंना चित्रात ओ की ठो कळत नव्हतं. त्या वर्गात गेल्या आणि मुलांना म्हणाल्या, "आपल्या घराचं चित्र काढा. आज सकाळी जसं होतं तसं."

मुलं वाकून काढायला लागली. बाई बाकांमधून फिरत होत्या. नर्सची चिठ्ठी ज्याला आली होती त्या दांडगट मुलाची आई खरोखरच पलीकडे गिरणीत होती. त्याने चार खुर्च्या काढल्या होत्या आणि एक रिकामी ठेवली होती. त्याचं चित्र आता कोणाला हसायला लावत नव्हतं. बेकरीत त्या दिवसापासून माणशी एकच पाव मिळत होता, आणि तीन मुलांनी न ठरवता तीच रांग काढली होती.

मुंगीने काहीच काढलं नव्हतं. तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "बाई, माझं नाव सांगितलंत का?"

"नाही."

"बाबा तीन दिवस दाराकडेच बघत बसलेत. मी जाऊन सांगू का, की मीच आणला होता प्रश्न?"

"का?"

"म्हणजे तुमचा तास परत मिळेल."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझा तास चालू आहे, मुंगे. तू घरी जा आणि बाबांना सांग, दाराकडे बघायचं थांबवा, जेवून घ्या."

अकराव्या दिवशी राष्ट्राध्यक्षांचा दुसरा आदेश आला. पूल सकाळी दोन तास उघडेल, फक्त साठीपुढच्या माणसांसाठी आणि रुग्णांसाठी, पायी, एकेरी रांगेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेतून सुट्टी घेऊन पुलाशी पोचल्या, तर बंड्या आधीच उभा होता. त्याची बदली झाली होती, तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात, जिथे टाइप करण्यासारखं काही नव्हतं. अकरा दिवसांत दोघं कामापुरतं बोलली होती: गॅस बंद केलास का, कुलूप लावलंस का.

रांग पुलाच्या मध्यावर दिसली तशी अडथळ्याजवळची गर्दी पुढे रेटली. माणसं टाचा उंचावून बघत होती. कोणाचं माणूस दिसलं की हाक फुटायची. ज्यांचं दिसत नव्हतं ते डोळ्यांत प्राण आणून उभे होते. अर्धा तास गेला. पाऊण गेला. बाईंनी तीनदा घड्याळ पाहिलं. उघड्या वेळातली वीस मिनिटं उरली होती आणि रांगेचं शेपूट दिसायला लागलं होतं.

"नाहीये ती," बंड्या म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, ती नाहीये रांगेत."

"थांब जरा."

"मी तिला पाठवलं. मी स्वतः तिला..."

बाईंनी त्याचा दंड पकडला, घट्ट, वर्गातल्या पोराचा धरतात तसा. सोडला नाही.

शेवटून चौथी होती ती. एका काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याला हात देत, त्याच्या चालीने चाल लावून सावकाश येत होती, म्हणून मागे पडली होती. अकरा दिवसांत वाळली होती. डॉक्टरांच्या माणसाने तिचा ताप मोजला, हातावर शिक्का मारला आणि अडथळ्याची दांडी वर केली. आईने आधी बंड्याच्या गालावर हात फिरवला, मग बाईंच्या. मग दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"भांडलात."

बंड्याने मान खाली घातली.

"कशावरून ते मला ठाऊक आहे. मोठीच्या शेजारणीने फोटो दाखवला, आणि याला पकडल्याचंही सांगितलं." ती बंड्याकडे वळली. "तुला आधी कळलं होतं ना रे?"

"हो, आई."

"सांगितलं असतंस तरी मी गेले असते. पोरीचा हात मोडला होता." तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र कडक होता. "पण सांगायला हवं होतंस. मी माझी माझी गेले असते, ठरवून. आणि मोठीलाही घेऊन येता आलं असतं का ते बघितलं असतं. ते ठरवायचं माझं होतं, तुझं नव्हतं."

बंड्या भर रस्त्यात रडायला लागला. चाळिशीचा माणूस, तोंड न झाकता. आजूबाजूला इतकी माणसं रडत होती की कोणी वळूनही पाहिलं नाही. बाईंना अकरा दिवस जे बोलायचं होतं ते आईने चार वाक्यांत बोलून टाकलं होतं. बाईंचा राग अजून होता, पण आता तो एकटीने धरून बसायचा नव्हता.

मागे शिट्टी वाजली. वेळ संपली होती. दांडी खाली आली, आणि ज्यांचं माणूस आलं नव्हतं ती माणसं काहीही न बोलता परतायला लागली. त्यांच्यात दांडगट मुलगा होता. त्याची आई साठीची नव्हती आणि आजारीही नव्हती, तरी तो आला होता. बाईंनी त्याला हाक मारली.

"आमच्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. "घरी जेव आणि मग जा."

चौघं चालायला लागली. आई मध्ये होती आणि मोठीचं काय काय सांगत होती. बंड्या एका बाजूने ऐकत होता, आणि दुसऱ्या बाजूने बाई.